दवाखान्याच्या बिलासाठी ऑनलाइन मदत मागताना: प्लॅटफॉर्म कसा निवडायचा, पैसे कुठे अडकतात

टेंभुर्णीच्या अलीकडे माझ्या धाकट्या दिरांच्या पिकअपला मागून ट्रकने उडवलं, ती २०२३ च्या फेब्रुवारीतली रात्र. डोक्याला मार, व्हेंटिलेटर, पुण्याचा मोठा दवाखाना. तिसऱ्या दिवशी बिलिंगच्या काउंटरवरच्या मुलीने एस्टिमेटची प्रिंट हातात ठेवली: नऊ लाख. घरातून सगळं मिळून दोन लाख दहा हजार निघाले, त्यात जाऊबाईंच्या पाटल्याही गेल्या. त्या संध्याकाळी आयसीयूबाहेरच्या बाकावर एका मुलाने मला त्याच्या वडिलांच्या उपचारांसाठी लोकांकडून ऑनलाइन पैसे जमवायला सुरू केलेल्या मोहिमेची लिंक दाखवली. म्हणाला, "ताई, तुम्हीपण टाका की. शून्य टक्के चार्ज आहे."

आम्ही टाकली. ३११ जणांनी मिळून ४,३६,००० रुपये दिले. पुढे निवांत बसून यादी पाहिली तेव्हा त्यात अजिबात ओळख नसलेले फक्त १९ जण निघाले. बाकीचे गावचे, भावकीतले, दिरांचे द्राक्षबागायतदार गिऱ्हाईक, माझ्या शाळेतल्या बाई आणि नवऱ्याच्या कारखान्यातली माणसं. पैसे आमच्याच माणसांनी दिले. प्लॅटफॉर्म म्हणजे पावती फाडणारी खिडकी. हे पहिल्या दिवशी उमगलं असतं, तर कोणाची फी कमी हे शोधण्यात मी एक रात्र घालवली नसती. या खिडकीतून पैसे दवाखान्याच्या खात्यात किती दिवसांत पडतात, एवढंच विचारलं असतं.

त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच घरांना मोहीम सुरू करून दिली. दर वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

१. लिंक बनवण्याआधी बिल कमी होतंय का बघा

हे आम्ही उलट्या क्रमाने केलं. मोहीम आधी, योजना नंतर. तुम्ही तसं करू नका, कारण काही योजनांचा अर्ज पेशंट दाखल असतानाच करावा लागतो. एकदा बिल भरून डिस्चार्ज घेतला की ती दारं बंद होतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे आणि केवळ पिवळ्या-केशरी कार्डापुरती राहिलेली नाही. मात्र दवाखाना योजनेत असावा लागतो आणि उपचार यादीत असावा लागतो. योजनेतल्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो. त्यालाच गाठा, रिसेप्शनला विचारून भागत नाही. हेल्पलाइन १५५३८८.

दवाखाना ट्रस्टचा असेल तर तो धर्मादाय आहे का ते विचारा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खाली अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. रुग्णालय आपल्या बिलांतून २ टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत टाकतं. काउंटरवर हे कुणी आपणहून सांगत नाही. समाजसेवा विभाग कुठल्या मजल्यावर आहे ते विचारा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊनच जा.

मुख्यमंत्री सहायता निधीचा वैद्यकीय कक्ष वेगळा. त्याचे पैसे थेट दवाखान्याला जातात. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि मुंबईचा सिद्धिविनायक न्यास इथेही अर्ज करता येतो. रस्ते अपघात असेल तर मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: पहिले सात दिवस, दीड लाखांपर्यंत. आमच्या वेळी ती नव्हती. गोव्याच्या रहिवाशांनी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड बाहेर काढावं.

या सगळ्यातून मिळून जे उरेल, ते तुमच्या मोहिमेचं लक्ष्य. आम्ही आधी नऊ लाख लिहिणार होतो. माझा मावसभाऊ बँकेत आहे, त्याने अडवलं. "नऊ लाख बघून पाचशे देणारा लाजतो आणि देतच नाही," म्हणाला. आम्ही पाच लाख ठेवलं.

दुर्मीळ आजाराचं गणित निराळं आहे. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारावरच्या एका इंजेक्शनसाठी १६ कोटी जमवल्याच्या बातम्या २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी वाचल्या. अशा आजारांसाठी त्याच वर्षी केंद्राने धोरण आणलं आणि सरकारी क्राउडफंडिंग (लोकांकडून पैसे जमवण्याचं) पोर्टलही काढलं. त्यावर ठरावीक केंद्रांमार्फतच नोंद होते. मुंबईत ते केंद्र म्हणजे केईएम रुग्णालय.

२. कुठला प्लॅटफॉर्म कशासाठी, ते ओळखा

नावं बरीच आहेत, कामं वेगळी आहेत. इथे गल्लत झाली की दोन दिवस जातात.

*एका पेशंटसाठी, घरच्यांनी सुरू करायची मोहीम:* मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू. मिलाप बंगळुरूचं, २०१० मध्ये गरजूंना छोटी कर्जं मिळवून देण्यापासून सुरू झालेलं. केटो मुंबईचं, २०१२ चं, त्याच्या संस्थापकांत अभिनेता कुणाल कपूरही आहे. इम्पॅक्टगुरूही मुंबईचं, २०१४ चं. तिघांचाही मोठा भर वैद्यकीय मोहिमांवर आहे. फॉर्म, कागदपत्रं, पडताळणी हा क्रम थोड्याफार फरकाने सारखाच.

*संस्थेसाठी:* गिव्ह, म्हणजे पूर्वीचं गिव्हइंडिया, २००० पासूनचं. इथे तपासलेल्या संस्थाच असतात. "माझ्या काकांसाठी" असं पान इथे उघडत नाही. परदेशातलं ग्लोबलगिव्हिंगसुद्धा संस्थांसाठीच.

*पैशांऐवजी वस्तू:* डोनेटकार्ट. आश्रमशाळेला वह्या, वृद्धाश्रमाला धान्य, पुरानंतर किट, अशा कामाला हे बरं. देणाऱ्याला आपण दहा किलो तांदूळ दिला हे दिसतं आणि आपल्याकडे लोकांना ते आवडतं. दवाखान्याच्या बिलाला उपयोग नाही.

*अमेरिकेतला भाचा जे नाव आधी सांगतो ते:* गोफंडमी. तिथे हे घरोघरी माहीत आहे. पण भारतातल्या बँक खात्यात त्याचे पैसे काढता येत नाहीत. भाच्याने स्वतःच्या नावाने मोहीम सुरू केली तर पैसे त्याच्या तिथल्या खात्यात येणार आणि पुढे इकडे पाठवण्याची, हिशोब देण्याची जबाबदारी त्याची. दोन-तीन जणांचं मित्रमंडळ असेल तर चालतं. पण इथली एक मोहीम आणि तिथली दुसरी अशा दोन लिंका फिरायला लागल्या की लोक गोंधळतात, आणि गोंधळलेला माणूस पैसे देत नाही, संशय घेतो.

नाटक, माहितीपट, पुस्तक यांसाठी पैसे उभारण्याची पद्धत वेगळी असते. किकस्टार्टरसारख्या ठिकाणी मुदतीत पूर्ण रक्कम जमली तरच पैसे मिळतात, नाहीतर ज्याचे त्याला परत जातात. दवाखान्यासाठी अशी अट असलेल्या ठिकाणी पाऊल टाकू नका. जमले तेवढे मिळाले पाहिजेत.

३. 'शून्य टक्के'चं गणित कागदावर मांडा

बहुतेक जाहिरातींत आता शून्य टक्के प्लॅटफॉर्म फी असते. ते खोटं नसतं, पण ते सगळं गणितही नसतं. खर्च तीन ठिकाणी दडलेला असतो.

पहिला खर्च पेमेंट गेटवेचा. कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय यांतून पैसे गोळा करून देणारी कंपनी आपला वाटा घेते, त्यावर १८ टक्के जीएसटी. दुसरा खर्च टिपचा. प्लॅटफॉर्म तुमच्याकडून फी घेत नाही, देणगीदाराकडे टिप मागतो, आणि टिपचा आकडा बहुधा आधीच भरलेला असतो. तिसरा जाहिरातीचा. "आम्ही तुमची मोहीम फेसबुकवर चालवतो, व्हिडिओ करून देतो, माणूस देतो" असा फोन येतो. त्याची टक्केवारी जमलेल्या रकमेतून कापली जाते.

समजा पाच लाख जमले. दर मी उदाहरणापुरते घेते, तुमचे दर तुम्ही लेखी मागा.

फक्त गेटवे, ३ टक्के: १५,००० अधिक जीएसटी २,७००. हातात ४,८२,३००.

गेटवे आणि ५ टक्के प्लॅटफॉर्म फी: आणखी २५,००० अधिक जीएसटी ४,५००. हातात ४,५२,८००.

गेटवे आणि १५ टक्क्यांची जाहिरात योजना: आणखी ७५,००० अधिक जीएसटी १३,५००. हातात ३,९३,८००.

शेवटचा आकडा बघून छातीत धस्स होतं. तरी जाहिरात योजना नेहमीच वाईट असं मी म्हणणार नाही. पेशंट लहान मूल असेल, रक्कम पन्नास लाखांच्या घरात असेल आणि ओळखीच्या माणसांतून ती निघणारच नसेल, तर अनोळखी लोकांपर्यंत पोचायला पैसे पडतात. पण चार-पाच लाखांसाठी, गाव पाठीशी असताना, ही योजना घेणं म्हणजे घरच्या विहिरीचं पाणी टँकरवाल्याकडून विकत घेणं. आणि एक बारीक गोष्ट विचाराच: ही टक्केवारी फक्त जाहिरातीतून आलेल्या पैशांवर आहे की सगळ्यावर? माझ्या मावशीने दिलेल्या हजारावर जाहिरातीचा हिस्सा कशासाठी?

मावशीवरून आठवलं. तिने हजार रुपये दिले आणि खात्यातून ११८० गेले. तिने कुठे बटण दाबलं तिलाही माहीत नाही. आधीच भरलेली टिप तिने पाहिलीच नव्हती. मला फोन करून म्हणाली, "मला हजारच द्यायचे होते, वरचे एकशेऐंशी कुणाच्या घशात गेले?" तेव्हापासून मी लिंकसोबत एक ओळ कायम लिहिते: *पैसे भरण्याआधी 'टिप' असं दिसेल, ती द्यायची की नाही हे तुमच्या हातात आहे, नको असल्यास शून्य करा.* प्लॅटफॉर्मला हे आवडत नसेल. तुमची मावशी मात्र तुमच्याशी बोलत राहील.

४. पाच प्रश्न, फोनवर नको, मेलवर

निवड करताना मी आता दोन ठिकाणी एकच मेल पाठवते आणि आधी नीट उत्तर देणाऱ्याकडे जाते:

१) पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात पाठवाल का, आणि मागणी केल्यापासून किती कामाच्या दिवसांत?
२) मोहीम चालू असताना अधूनमधून पैसे काढता येतात का, की शेवटीच?
३) एकूण कपात किती, जीएसटी धरून? टिप सुरुवातीला शून्यावर ठेवता येते का?
४) पेशंटला मध्येच दुसऱ्या दवाखान्यात हलवलं, किंवा पेशंट गेला, तर जमलेल्या पैशांचं काय होतं?
५) परदेशी कार्ड चालतात का? पान मराठीत ठेवता येतं का?

चौथा प्रश्न टाइप करताना हात अडखळतो. तरी विचारा. आयसीयूबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या त्या मुलाचे वडील आठव्या दिवशी गेले. दवाखान्याचं थकलेलं बिल आणि प्लॅटफॉर्मवर अडकलेले पैसे यांच्यामध्ये तो पोरगा दोन आठवडे हेलपाटे घालत होता.

परदेशातून येणाऱ्या पैशांबद्दल थोडं. नातेवाईक बाहेर राहत असला तरी पासपोर्ट भारतीय असेल तर त्याचे पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. नागरिकत्वच बदललं असेल, हातात ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) असेल, तर तो परदेशी स्रोत धरला जातो आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, लागू होऊ शकतो. जवळच्या नातेवाइकांनी पाठवलेली रक्कम वर्षाला १० लाखांपर्यंत असेल तर सरकारला कळवावी लागत नाही. संस्थेला मात्र परदेशी पैसे घ्यायला एफसीआरए नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं लागतं. गावचं मंडळ म्हणालं "आमच्या खात्यावर मागवा डॉलर", तर हात जोडून नाही म्हणा.

५. कागदपत्रं: एका फाइलीत, एका रात्रीत

- दवाखान्याच्या लेटरहेडवरचं एस्टिमेट. सही, शिक्का, तारीख, पेशंटचा नोंदणी क्रमांक हवाच. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो चालत नाही.
- निदानाचा कागद, केस पेपर, एमआरआय-सीटीचा रिपोर्ट.
- पेशंटचं आणि मोहीम चालवणाऱ्याचं आधार, पॅन.
- दोघांचं नातं दाखवणारं काहीतरी. रेशन कार्डाने आमचं काम भागलं.
- रुग्णालयाच्या खात्याचा तपशील, त्यांच्याच लेटरहेडवर किंवा रद्द केलेल्या चेकवर.
- स्वतःच्या खात्यात पैसे घेणार असाल तर पासबुकाचं पहिलं पान.
- अपघात असेल तर पोलिसांकडची नोंद, एफआयआरची प्रत.
- आतापर्यंत भरलेल्या पैशांच्या पावत्या.

मूळ पावत्या कुणालाही देऊ नका, स्कॅन द्या. पुढे मेडिक्लेम किंवा मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करायचा झाला तर मूळ कागदच लागतात.

आता आमची चूक. दिरांच्या आधारवर 'बाळासाहेब' आणि पासबुकावर 'बाळू' अशा थाटाची गंमत आहे (खरी नावं वेगळी, पण प्रकार हाच). आपल्याकडे घरटी एक असा माणूस असतो. आम्ही घाईत पेशंटचंच खातं जोडलं. पहिले दीड लाख काढायला गेलो तर नाव जुळत नाही म्हणून पडताळणी अडकली. पेशंट व्हेंटिलेटरवर, सही कोण करणार? सहा दिवस गेले. इकडे काउंटरवरून रोज डिपॉझिटचा फोन. शेवटी रुग्णालयाचं खातं जोडलं आणि दोन दिवसांत पैसे पोचले. तेच पहिल्या दिवशी करायला हवं होतं. थेट दवाखान्यात पैसे गेले की देणाऱ्यांचा विश्वास वाढतो, भावकीत कुजबुज होत नाही, आणि कराचा प्रश्नही बराच सोपा होतो.

कराचं एवढंच: नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट तुमच्या खात्यात आली तर ती उत्पन्नात धरली जाऊ शकते. कायद्यातला 'नातेवाईक' हा शब्द आपल्या घरातल्या शब्दापेक्षा तोकडा आहे. मावशी त्यात बसते, मावसभाऊ बसत नाही. मोठी रक्कम असेल तर सीएला अर्धा तास द्या.

देणगीदार "८० जी (देणगीवरची आयकरातली सवलत) मिळेल का?" विचारतील. घरच्यांनी एका पेशंटसाठी चालवलेल्या मोहिमेला ही सवलत नाही. नोंदणीकृत संस्थेने मोहीम चालवली तरच मिळते, त्यासाठी देणाऱ्याचा पॅन लागतो आणि संस्थेकडून '१० बीई' नावाचं प्रमाणपत्र यावं लागतं. नव्या करप्रणालीत असलेल्यांना तसाही उपयोग नाही. माहीत नसताना "हो, मिळेल" असं सांगू नका.

६. मजकूर: रडू नका, सांगा

पहिला मसुदा माझ्या पुतण्याने इंग्रजीत कुठूनतरी उचलून आणला होता. त्यात दीर 'आयुष्याशी झुंजणारा योद्धा' होते. जाऊबाई वाचून म्हणाल्या, "हे कोण आहेत?" मग मी लिहिलं:

*"माझे दीर, वय ३८, द्राक्षांची पिकअप चालवतात. ११ फेब्रुवारीच्या रात्री टेंभुर्णीजवळ अपघात झाला. डोक्यात रक्तस्राव आहे, शस्त्रक्रिया झाली आहे, अजून शुद्ध नाही. डॉक्टरांनी नऊ लाखांचा अंदाज दिला आहे. घरचे दोन लाख दहा हजार भरले आहेत, पावती खाली आहे. दोन मुली, एक सातवीत, एक तिसरीत. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातील."*

एवढंच. कोण, काय झालं, किती लागतात, आम्ही किती भरले, पैसे कुठे जाणार. मराठी गावासाठी, आणि खाली तेवढाच इंग्रजी मजकूर नवऱ्याच्या साहेबलोकांसाठी.

फोटोवरून घरात वाद झाला. प्लॅटफॉर्मच्या माणसाला नळ्या लावलेला फोटो हवा होता, "त्याने जास्त येतात". जाऊबाईंनी साफ नकार दिला. मला त्या वेळी त्यांचा रागच आला होता, आज वाटतं त्या बरोबर होत्या. आम्ही यात्रेतला, फेटा बांधलेला फोटो लावला. लोकांनी तोच पुढे पाठवला, कारण त्यातला माणूस त्यांनी पाहिलेला होता. जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे 'आस्की'च्या, मार्गदर्शक सूचनाही पीडितांची, विशेषतः बायका-मुलांची, प्रतिष्ठा घालवणारी छायाचित्रं वापरू नयेत असंच सांगतात. कुणी दबाव आणला तर हे ऐकवा.

७. पहिले दोन दिवस फोन, मग लिंक

रिकामं पान कुणी उघडत नाही. शून्य रुपये दिसले की माणूस "बघू नंतर" म्हणतो. म्हणून लिंक ग्रुपवर टाकण्याआधी जवळच्या वीस जणांना फोन करा, मेसेज नव्हे. नावं वहीत लिहा. आम्ही पहिल्या संध्याकाळी असे ५४,००० जमवले आणि मगच लिंक सोडली.

लिंक सोडताना एकाच माणसाने सगळीकडे टाकू नये. माहेरच्या ग्रुपवर जाऊबाईंच्या भावाने, बागायतदारांच्या ग्रुपवर त्यांच्यातल्याच एकाने, शाळेच्या ग्रुपवर आमच्या मुख्याध्यापक सरांनी. ज्याच्या शब्दाला जिथे वजन आहे तिथे त्याने. वेळ संध्याकाळी सात ते नऊ. आणि पगाराच्या आठवड्यात पुन्हा एकदा.

ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांचं काय? गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी दोनशे-पाचशे रोख दिले. ते आम्ही वेगळ्या वहीत लिहिले, दवाखान्यात भरले आणि पावतीचा फोटो पानावर टाकला. गणेश मंडळ किंवा तरुण मंडळ आपल्या नावाने पेटी फिरवणार असेल तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ सी खालची परवानगी लागते. गणपतीच्या वर्गणीला लागते तीच. मंडळाच्या पोरांना हे माहीत असतं, फक्त आठवण करून द्यावी लागते.

८. सापळे

मोहीम दिसू लागली की तुमचा नंबर जगाला कळतो. आम्हाला तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले.

"आमचा ट्रस्ट दोन लाख मंजूर करतोय, प्रोसेसिंगचे ३,५०० भरा." मदत देणारा आधी पैसे मागत नाही. फोन ठेवा.

"पैसे पाठवलेत, रिक्वेस्ट आलीय, पिन टाका." यूपीआयचा पिन पैसे देतानाच लागतो, घेताना कधीच नाही. हे फोन घेणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला, मुलींनासुद्धा, सांगून ठेवा.

सगळ्यात वाईट झालं ते पोस्टरचं. आमच्या पोस्टरवर पुतण्याने हौसेने क्यूआर कोड टाकला होता. कुणीतरी तो कापून आपला चिकटवला आणि तेच पोस्टर तालुक्याच्या दोन ग्रुपवर फिरलं. आमच्याच एका शिक्षिकेने त्यावर दोन हजार भरले आणि समोर भलतंच नाव दिसलं म्हणून आम्हाला कळलं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, सगळीकडे इशारा टाकला. त्यांचे दोन हजार परत मिळाले नाहीत. तेव्हा पोस्टरवर क्यूआर नको, फक्त लिंक द्या, आणि 'पैसे भरताना पेशंटचं नाव व फोटो दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका' असं लिहा.

स्वतःचा गुगल पे नंबर पोस्टरवर देण्याचाही मोह होतो, कपात वाचते म्हणून. वीस-तीस घरच्या माणसांसाठी ठीक आहे. शेकडो अनोळखी खात्यांतून छोट्या रकमा यायला लागल्या तर बँक चौकशी करू शकते, आणि हिशोब दाखवायचा म्हटलं तर तुमच्याकडे स्क्रीनशॉटच्या ढिगाऱ्याशिवाय काही नसतं.

कागद अपलोड करताना आधारचे पहिले आठ अंक, पत्ता आणि मुलींच्या शाळेचं नाव झाका.

९. हिशोब देत राहा आणि वेळेवर बंद करा

आठवड्यातून एकदा चार ओळींचा अपडेट. किती जमले, किती दवाखान्यात गेले, तब्येत कशी आहे. "व्हेंटिलेटर काढला" हे ज्या दिवशी टाकलं, त्या दिवशी काहीही न मागता ३१,००० आले. वाईट बातमीही टाका. लपवली की गावात वेगळीच फिरते.

गरज संपली की मोहीम स्वतः बंद करा. चालू राहिलेली लिंक सहा महिन्यांनीही कुणीतरी पुढे पाठवतं आणि मग बोल तुम्हाला लागतो. प्लॅटफॉर्मकडून शेवटचं विवरण मागून घ्या: एकूण जमा, कपात, दवाखान्याला गेलेली रक्कम. ते पान फाइलीत लावा.

आमचे दीर ३४ व्या दिवशी घरी आले. उजवा हात अजून हळू चालतो. सगळं बिल भागून १८,४०० रुपये उरले होते. ते पैसे लोकांनी आयसीयूसाठी दिले होते, घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठी नव्हते, म्हणून शेवटच्या अपडेटमध्ये मी विचारलं: हे फिजिओथेरपीला वापरू का? कुणाला परत हवे असतील तर कळवा, तुमचा वाटा परत करू.

पाच मिनिटांत पहिलं उत्तर आलं, मावशीचं. "विचारतीस काय गं, वापर की. आणि ते एकशेऐंशी आले का परत?"